यंत्राला आधी जमीन शिकवा
धातुशोधक यंत्र आणि आपली काळी रानं



पंचवटीत रामकुंडावर गेलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट पाहिली असेल. भाविक पाण्यात नाणी टाकतात आणि काठावरची पोरे दोरीला चुंबक बांधून ती वर काढतात. चुंबकाला चिकटतात ती पोलादी नाणी. तळाशी एखादा चांदीचा किंवा तांब्याचा जुना पैसा असला, तर त्या चुंबकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

साखर कारखान्यात गव्हाणीतून ऊस मिलकडे जातो, त्या वाटेवर असेच एक मोठे चुंबक टांगलेले असते. उसाबरोबर आलेला नट, खिळा, साखळीची कडी ते वर ओढून घेते. पण जाड थराच्या पोटात दडलेला जड तुकडा एखादे वेळी त्याच्याही हातून सुटतो. असा तुकडा पुढे गेला तर कटरची पाती मोडतात, रोलरचे दात उडतात आणि गाळप थांबते. गाळप थांबले की वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या गाड्यांतला ऊस वाळतो. म्हणजे लोखंड कुणाच्याही फडातून आलेले असो, नुकसान सगळ्यांचे होते.

म्हणून लोखंड फडातच सापडावे यासाठी काही सभासद आता धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, विकत किंवा भाड्याने आणू लागले आहेत. रोटाव्हेटरचे मोडलेले पाते, पुरलेल्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, बांधात गाडला गेलेला हद्दीचा लोखंडी खुंट अशा कामांनाही ते उपयोगी पडते. मात्र बहुतेकांची तक्रार एकच असते, “यंत्र जिथं तिथं ओरडतंय.” दोष बहुधा यंत्राचा नसतो. त्याला आपली जमीन कुणी ओळखून दिलेली नसते. आजचा पाठ त्याबद्दल आहे.

माझा स्वतःचा अनुभव

माझे रान पंचवटीच्या खालच्या अंगाला, नांदूर-मानूरच्या शिवारात आहे. जमीन गोदाकाठची, काळी, भारी. एका हंगामात तोडणी चालू असताना ट्रॉली जोडायची लोखंडी पिन हरवली. वीतभर लांब आणि अंगठ्याहून जाड. ट्रॉल्या बदलताना कुणीतरी ती उसाच्या ढिगावर ठेवली, आणि पुढे कुणाच्याच ध्यानात राहिले नाही. दोन ट्रॉल्या तोवर भरून कारखान्याच्या आवारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

मुकादम म्हणाला, “मालक, रानात असंल तर ठीक. मोळीत बांधली गेली असंल तर मात्र आवघड हाय.”

मी शेतकी ऑफिसला फोन करून त्या दोन ट्रॉल्या थांबवून ठेवायला सांगितले आणि एका ओळखीच्याकडून यंत्र मागवले. यंत्र देणाऱ्याने सांगितले होते, “सगळं सेट करून दिलंय. फक्त फिरवायचं.” दोन तास फिरवले. पाचट बाजूला करून सहा ठिकाणी खणले. निघाले काय, तर नुसती माती. खोडव्याची बेटे मात्र उखडली गेली.

शेवटी शेजारचे सुभेदारकाका आले. सैन्यात त्यांची नोकरी सॅपर्समध्ये, म्हणजे सुरुंग शोधणाऱ्यांत झालेली. त्यांनी यंत्राची बटणे पाहिली आणि हसून म्हणाले, “अरे, तू यंत्राला सांगितलंय सोनं शोध, लोखंड दिसलं तर गप बस. आणि शोधतोयस लोखंड! पिनेवरून तू दोनदा गेला असशील, ते बोललं नसेल.”

मग त्यांनी पुढच्या अर्ध्या तासात जे केले, तेच खाली क्रमाने देत आहे. पिन सापडली. ट्रॉलीच्या चाकाने ती चाकोरीच्या ओल्या मातीत वीतभर खोल दाबली होती. कारखान्यात फोन केला आणि ट्रॉल्या गव्हाणीला लागल्या.

यंत्र चालते कसे

यंत्राच्या टोकाला तारेच्या वेटोळ्यांची तबकडी असते. एका वेटोळ्यातून दिशा बदलणारी वीज फिरते, त्यामुळे जमिनीत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र शिरते. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे फिरू लागतात. या भोवऱ्यांचे उलट क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि यंत्र आवाज करते. चांदी, तांबे, सोने, लोखंड कुठलाही धातू असो, भोवरे उठतातच. चुंबकात आणि या यंत्रात हाच फरक आहे.

आता अडचण कुठे येते बघा. आपला सह्याद्री आणि दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे बनलेले आहे. काळारामाचे मंदिर ज्या काळ्या पाषाणाचे आहे तो हाच, बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते आणि ते चुंबकाला चिकटते. त्याच दगडाची झीज होऊन आपली काळी माती झाली. म्हणजे आपण ज्या मातीत धातू शोधतो, ती माती स्वतःच थोडी लोखंडासारखी वागते. यंत्र दोन्हींचे बोलणे एकदम ऐकते आणि गोंधळते.

खात्री करायची असेल तर एक चुंबक कागदात गुंडाळा आणि कोरड्या मातीतून किंवा नदीच्या वाळूतून फिरवा. कागदाला काळी चकचकीत पूड चिकटेल. पूड जितकी जास्त, तितके यंत्राचे जमिनीशी जुळवणे जास्त गरजेचे.

म्हणून ध्यानात ठेवण्याची मुख्य गोष्ट ही की, यंत्र धातू दाखवत नाही, जमिनीपेक्षा वेगळे काय आहे ते दाखवते. त्याला आधी जमीन कळली पाहिजे.

जुळवणी कशी करावी

१. अंगावरचे लोखंड दूर ठेवावे. कंबरेचा कोयता, खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, खिळ्यांच्या वहाणा, हातातले फावडे हे सगळे बांधावर ठेवावे. चालू मोटार आणि डोक्यावरची विजेची तार यांपासूनही शक्य तितके लांब राहावे.

ही चूक फार मोठ्या माणसाकडूनही झालेली आहे. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली असेच यंत्र तयार केले होते. त्या वर्षी २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे आहे हे डॉक्टरांना कळेना. बेल यंत्र घेऊन गेले, पण गोळीचा ठाव लागला नाही. अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी यंत्र गोंधळून गेले. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. यंत्र चालवण्याआधी आजूबाजूचे लोखंड पाहावे, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

२. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे धातूंची निवड, शून्यावर आणावी. हे बटण नको असलेल्या धातूंवर यंत्राला गप्प बसवते. बाजारात येणारी यंत्रे पुष्कळदा लोखंड वगळण्यावर लावलेली असतात. आपल्याला शेतात लोखंडच शोधायचे असते, तेव्हा निवड बंद करून ‘सर्व धातू’ या पद्धतीवर यावे. जुळवणीही याच पद्धतीत करावी.

३. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीशी जुळवणी. धातू नाही अशी हातभर जागा निवडावी. तबकडी गुडघ्याएवढी उचलावी आणि जमिनीपासून दोन-तीन बोटांवर आणावी. असे सावकाश खाली-वर करत राहावे. तबकडी खाली येताना आवाज वाढत किंवा बुडत असेल तर बॅलन्सचे बटण थोडे फिरवावे आणि पुन्हा पाहावे. तबकडी वर असो की खाली, आवाज एकसारखा आला की जमीन जुळली. बटण कोणत्या दिशेला फिरवायचे ते यंत्रागणिक वेगळे असते, यंत्राबरोबरची पुस्तिका पाहावी.

काही यंत्रे ही जुळवणी चालता चालता आपोआप करतात. जमीन वारंवार बदलत असेल तर ते सोयीचे आहे. पण एखाद्या बारीक आवाजावर आपण तबकडी पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो, तर यंत्र त्या धातूलाच जमीन समजून जुळवून घेते आणि आवाज नाहीसा होतो. तेव्हा आवाज मिळाल्यावर आपोआप जुळवणी बंद करून मग जागा पक्की करावी.

४. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कानाचा तिखटपणा, बेताने ठेवावी. बटण शेवटपर्यंत फिरवले की यंत्र जास्त खोल पाहील असे सर्वांना वाटते. जत्रेत लाउडस्पीकरवाल्याने आवाज फार वाढवला तर काय होते? कर्णा शिट्टी मारू लागतो आणि माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. काळ्या जमिनीत यंत्राचेही तसेच होते. आधी बटण मध्यावर ठेवावे, यंत्र शांत असेपर्यंत थोडे थोडे वाढवावे आणि कुरकुर सुरू झाली की एक पाऊल मागे यावे.

५. तबकडी लहान निवडावी. मोठी तबकडी खोल पाहते खरी, पण एका वेळी मातीही जास्त पाहते. लोहयुक्त जमिनीत आणि उसाच्या बुडख्यांमध्ये लहान तबकडीचे काम स्वच्छ होते.

६. सरीच्या लांबीने चालावे. आडवे जाऊ नये. मी दोन तास जी चूक करत होतो ती हीच. सरी-वरंबे आडवे ओलांडताना तबकडी वरंब्याजवळ येते आणि सरीवरून लांब जाते. जमिनीचे अंतर बदलले की जुळवणी चुकीची पडते आणि प्रत्येक वरंब्यावर यंत्र ओरडते. सरीतून सरळ चालावे, तबकडी जमिनीपासून एकाच उंचीवर ठेवावी आणि आधीच्या पट्ट्यावर अर्धी येईल अशी सावकाश फिरवावी.

७. आवाजाची परीक्षा घ्यावी. एका जागेवर आवाज आला की नव्वद अंशात वळून पुन्हा फिरवावे. दोन्ही बाजूंनी, त्याच ठिकाणी आणि तुटक आवाज आला तर धातू असण्याची शक्यता जास्त. पसरट आणि जागा बदलणारा आवाज आला तर ती बहुधा जमीनच असते.

जमिनीप्रमाणे काळजी

काळी, कोरडी, भेगाळलेली जमीन : भेगेवरून जाताना खाली माती कमी असते, म्हणून आवाज बदलतो. सेन्सिटिव्हिटी कमी करावी. घाई नसेल तर एक पाणी देऊन वापसा आल्यावर शोधावे.

नुकते पाणी दिलेली जमीन : कोरड्यात केलेली जुळवणी ओल्यात चालत नाही. पाण्याचा पट्टा बदलला की जुळवणी पुन्हा करावी.

खारवट, चोपण जमीन : पाण्याच्या अतिवापराने ज्या जमिनी मीठ धरून बसल्या आहेत, त्यांत ओल असताना मिठाचे पाणी वीज वाहून नेते. त्यामुळे पसरट, बारीक आवाज सतत येत राहतो. हा लोहखनिजाचा आवाज नव्हे, आणि एका जुळवणीत दोन्ही बसत नाहीत. सेन्सिटिव्हिटी खाली आणावी, तबकडी थोडी वर धरावी. यंत्रात समुद्रकाठासाठी वेगळी सोय असेल तर ती वापरून पाहावी. जमीन वाळल्यावर शोधणे सर्वांत चांगले.

मुरमाड, दगडी जमीन : सुटा काळा दगड भोवतालच्या मातीपेक्षा जास्त लोहयुक्त असला की धातूसारखा बोलतो. दगड उचलून बाजूला ठेवावा आणि तीच जागा पुन्हा तपासावी. आवाज दगडाबरोबर गेला तर खणू नये.

नदीकाठचा पोयटा आणि वाळू : वाळू एकंदरीत शांत असते. पण नदीच्या वळणावर जड काळ्या वाळूचे पट्टे साचतात. अशा प्रत्येक पट्ट्यावर नव्याने जुळवणी करावी.

जळालेली जागा : हे पुष्कळांना माहीत नसते. माती भाजली की तिच्यातल्या लोहाचे रूप बदलते आणि ती जास्त चुंबकीय होते. जुनी चूल, वीटभट्टी, कौलांचे तुकडे, पाचट जाळलेला ढीग या सर्वांवर यंत्र ओरडते. सुभेदारकाकांनी माझे सहा खड्डे पाहिले, त्यांतले तीन मागच्या वर्षी पाचट पेटवलेल्या कोपऱ्यात होते. पाचट जाळू नये हे शेतकी विभाग नेहमी सांगतो. त्याला हे आणखी एक कारण.

घरच्या घरी सराव

बांधाजवळ दहा पावलांची एक पट्टी राखावी. तिच्यात एक नट-बोल्ट चार बोटे खोल, कोयत्याचा तुकडा वीतभर खोल, तांब्याची तार वीतभर आणि लोखंडी पिन हातभर खोल पुरावी. प्रत्येकाशेजारी बांबूची खुंटी ठोकावी. यंत्र आणल्यावर आधी या पट्टीवर चालवावे. आपल्या मातीत आपले यंत्र किती खोल पाहते, हे दुकानदारापेक्षा ही पट्टी खरे सांगेल. हीच पट्टी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अशी दोनदा तपासली तर जमिनीचा फरकही कळेल.

गुप्तधनवाल्यांपासून सावध

आता थोडे कडू बोलतो. यंत्र घेऊन गावोगाव फिरणारे काही लोक असतात. रात्री येतात, बांधावर यंत्र फिरवतात, ते ओरडते. मग म्हणतात, “पंधरा फुटांवर हंडा आहे. पूजेचा खर्च करा.”

वरचा पाठ ज्याने वाचला तो फसणार नाही. यंत्र ओरडण्यासाठी हंडा लागत नाही. एक काळा धोंडा किंवा जुनी चूल पुरते. खोलीचाही हिशेब आहे. तबकडीच्या मापापेक्षा बरीच खोल असलेली लहान वस्तू दुप्पट खोल गेली, की तिच्याकडून येणारा इशारा सुमारे ६४ पट क्षीण होतो. म्हणून हाती धरायच्या साध्या यंत्राला रुपयाएवढे नाणे वीतभर, फार तर फूटभर खोल दिसते. मोठी वस्तू त्याहून खोल दिसेल, पण पंधरा फुटांवर सोने की तांबे हे सांगणाऱ्याला हात जोडावेत आणि वाटेला लावावे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याला सांगावे.

आणि खरेच काही सापडले तर?

आपल्या भागात सापडले आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली. ती क्षत्रप राजा नहपानाची होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला याचा ठसठशीत पुरावा त्या नाण्यांनी दिला. ती सोनाराच्या मुशीत गेली असती तर चांदी उरली असती, इतिहास गेला असता. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. या दोन्ही ठेवी यंत्राशिवायच सापडल्या.

कायदा १८७८ चा आहे, भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडली, तर काय सापडले, कुठे आणि कधी, हे कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. कलेक्टर चौकशी करतात. ठेवीला धनी नाही असे ठरले आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा मालकाचा अशी वाटणी सांगितली आहे. ठेव सरकारने घेतली तर किंमत देऊन घ्यावी, अशीही तरतूद त्यात आहे. जो लपवतो तो आपला हिस्सा गमावतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. तेव्हा लपवण्यात फायदा नाही. कळवणाऱ्याचा हक्क कायद्यानेच राखला आहे. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित ठिकाणी मात्र परवानगीशिवाय खणायला जाऊच नये.

शेवटी एवढेच

१. आधी अंगावरचे लोखंड काढा. २. निवड बंद करा. ३. जमीन जुळवा. ४. कान बेताचा ठेवा. ५. सरीतून चाला. ६. ओल बदलली, माती बदलली की पुन्हा जुळवा. ७. तोडणीच्या वेळी ट्रॉलीची पिन, साखळी, दोरखंडाचे हूक सकाळी मोजून द्या आणि संध्याकाळी मोजून घ्या.

यातले सातवे जो पाळतो, त्याला पहिल्या सहांची गरज क्वचितच पडते. मी आता पिनेला लाल कापड बांधून ठेवतो. काकांना ते दाखवले तेव्हा ते म्हणाले, “हे यंत्र स्वस्त आहे आणि याला जमीन शिकवावी लागत नाही.”